जैसे थे

कोर्टाच्या आवारात तिला सगळे बाई म्हणत. वकील, शिपाई, पक्षकार, इतकंच काय, बदली होऊन गेलेले एक न्यायाधीशसुद्धा तिच्या टेबलाजवळून जाताना ‘काय बाई, बरंय ना’ असं विचारून पुढे व्हायचे. घरी मात्र ती धाकटी. बावन्न वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याची काच जाड झाली, तरी ताईच्या लेखी धाकटी ती धाकटीच. इथेही तिला धाकटीच म्हणू या, कारण कोर्टातल्या बाईच्या जे सहज ध्यानात आलं असतं, ते बहिणीच्या वेळी धाकटीच्या ध्यानात आलं नाही.

तिचं टेबल फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला, पत्र्याच्या शेडखाली होतं. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत दर दोन पानांनी रुसणारा प्रिंटर. शाळा तिची अर्ध्यावर सुटलेली. कायद्याचं पुस्तक तिने कधी उघडलं नव्हतं. पण एकतीस वर्षं दावे, अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून करून कायदा तिच्या बोटांत मुरला होता. नवखे वकील मसुदा घेऊन आले की ती वाचता वाचता म्हणायची, साहेब, विनंतीचा परिच्छेद राहिलाय. साहेब म्हणायचे, हो हो, तो तुम्हीच टाका, आणि चहाला निघून जायचे.

तिची एक शिस्त होती. मसुद्यात तारीख कधी छापायची नाही. वकील उद्या दाखल करतो म्हणतात आणि पुढच्या महिन्यात उगवतात, न्यायाधीश रजेवर जातात, कधी कारकुनांचा संप असतो. तारीख छापलेली असली की अख्खं पान बाद. म्हणून ‘दिनांक’ लिहायचं, चार बोटं जागा सोडायची आणि पुढे ‘रोजी’ लिहायचं. ज्या दिवशी ज्याच्या हातात कागद असेल त्याने ती पेनाने भरावी. आवारातले बाकीचे टायपिस्ट हे तिच्याकडूनच शिकले होते, आणि तिला त्याचा मनातून थोडा अभिमानही होता.

ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. ताईचे यजमान शिंपी होते. ते गेल्यावर ताईने मशीन विकून टाकलं आणि घरात बसून फक्त रफू करायला घेतलं. कुणाच्या कोटाला कसर लागलेली, कुणाच्या बाहीला सिगारेटचं भोक, कुणाच्या आईची शाल खिळ्याला अडकून फाटलेली. ताई त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायची आणि एक धागा उभा, एक आडवा असं करत भोक विणून बुजवायची. शहरात हे काम करणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. लोक लांबून यायचे, आणि ताई त्यांना ‘पंधरा दिवसांनी या’ असं मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगायची.

या कामाला लागतो तो फक्त उजेड, आणि तोही कसा, तर ऊन नको, नुसता उजेड. काळ्या कापडावरचा काळा धागा बल्बखाली दिसत नाही. चमकते ती नुसती सुई. ताईच्या मागच्या खोलीला उत्तरेकडे खिडकी होती, आणि त्या खिडकीतून सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकसारखा, दुधासारखा उजेड यायचा. तिथे ताईचं स्टूल. ताई म्हणायची, माझे डोळे अजून गेले नाहीत, पण चपला घालून बसलेत. ही खिडकी आहे म्हणून थांबलेत.

खिडकीबाहेर दीड हाताची बोळ, बोळीपलीकडे कंडक्टरचं मोकळं परस आणि त्यामागे त्याचं घर. कंडक्टर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी नाव तेच राहिलं होतं. ताईच्या यजमानांचा तो जुना दोस्त. ताईला वहिनी म्हणायचा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचताना कुणी त्याच्यावर दात खात बसायला नको. झालं असं, की त्याची लेक नवऱ्याचं घर सोडून दोन मुली घेऊन परत आली. दोन खोल्यांत सहा माणसं. कंडक्टरने मागच्या बाजूला एक खोली काढायची ठरवली. परसाची जागा पुरेना, म्हणून बोळही आत घ्यायची.

ताईने पहिल्याच दिवशी त्याला बोलावून खिडकी दाखवली. तो म्हणाला, वहिनी, जरा सांभाळून घ्या, दीड हात जागा ती काय. ताई म्हणाली, भाऊ, तीस वर्षं बसमध्ये माणसं मागे सरकवलीत, आता घरात बसलेल्यांनापण सरकवणार का? दोघंही हसले. दुसऱ्या दिवशी विटा आल्या.

बोळ कुणाची हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. धाकटीने नगरपालिकेत तक्रार टाइप करून दिली. एक माणूस टेप घेऊन आला, लांबी मोजली, रुंदी मोजली, ताईकडे पाणी प्यायला, कंडक्टरकडे चहा प्यायला आणि लिहून गेला, की वाद खासगी स्वरूपाचा असून संबंधितांनी सक्षम न्यायालयात दाद मागावी. पोलीस चौकीतही हेच ऐकायला मिळालं, फक्त ‘सक्षम’ हा शब्द वगळून. धाकटीला याचं नवल वाटलं नाही. लोक एका दारातून दुसऱ्या दारात कसे धाडले जातात ते ती रोज बघत होती. शेवटचं दार तिच्या टेबलापाशी उघडायचं. उलट तिला थोडी उभारीच आली. आता गाडी तिच्या गावात आली होती.

तिने ओळखीचे वकील गाठले. भले गृहस्थ, पण कायम दमलेले. तिने त्यांना सांगितलं, साहेब, तुम्ही फक्त सही करा, कागद माझा. आणि दुपारचं जेवण बाजूला ठेवून तिने ताईचा दावा टाइप केला. इतका सुंदर कागद तिच्या हातून कधी उतरला नव्हता. उजेडावर ताईचा हक्क कसा पोचतो, खिडकी किती वर्षांची, तिच्यावर पोट कसं अवलंबून, सगळं जिथल्या तिथे. चौथ्या पानावर विनंती: दावा निकाली लागेपर्यंत सदर जागेची दिनांक अमुक रोजी असलेली परिस्थिती जैसे थे ठेवावी, आणि त्यानंतर झालेलं बांधकाम प्रतिवादीने काढून टाकावं. अमुकच्या जागी तिने सवयीने चार बोटं जागा सोडली.

त्या दिवशी भिंत गुडघ्याएवढी होती.

वकिलांनी दाखल करताना पहिल्या पानावर तारीख घातली, सहीखाली घातली आणि चौथं पान उलटून टाकलं. मग नोटीस निघाली. बेलीफ गेला तेव्हा कंडक्टर लग्नाला गेलेला. पुन्हा गेला तेव्हा घरी फक्त मुली होत्या. मग न्यायाधीश साहेब प्रशिक्षणाला गेले. मग कंडक्टरच्या वकिलांनी म्हणणं मांडायला मुदत मागितली आणि मिळाली. मग अजून एकदा मागितली, तीही मिळाली. या चार महिन्यांत गवंड्याने कुणाकडेच मुदत मागितली नाही. भिंत खिडकीच्या कठड्याला आली, मग गजांच्या मध्यावर आली, मग खिडकीतून आभाळाची एक पट्टी तेवढी दिसायची. एके दिवशी ताईने खिडकी उघडली तर समोर ओलं सिमेंट, हात लावता येईल इतकं जवळ.

ताई घाबरली नाही. ती गिऱ्हाइकांना सांगत राहिली, की माझी बहीण कोर्टात आहे, थोडे दिवस कळ काढा. बहीण कोर्टात आहे हे ती असं म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, बहीण न्यायाधीशच आहे.

पाचव्या महिन्यात पुकारा झाला. साहेबांनी दोन्ही वकिलांचं दहा मिनिटं ऐकलं, चौथं पान वाचलं आणि सांगितलं, विनंती मान्य. बाहेर येऊन वकील हसून म्हणाले, मिळाला बाई जैसे थे. धाकटीने त्या दिवशी शेडखालच्या सगळ्यांना चहा पाजला. त्यानंतरचं बांधकाम काढायचं, म्हणजे भिंत परत गुडघ्यावर येणार. तिने ताईला फोन करून सांगितलं, आणि पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

आदेशाची नक्कल तिसऱ्या दिवशी मिळाली. ती देताना शिरस्तेदार आपणहून उठून खिडकीपाशी आले. धाकटीची आणि त्यांची वीस वर्षांची ओळख. ते हळू आवाजात म्हणाले, “बाई, चौथ्या पानावर तुम्ही तारीख कोरी सोडली होती. म्हटलं, तुमचा कागद आहे, अडायला नको. आदेशाच्या दिवशीची मीच भरली.”

धाकटीने जिन्यात उभं राहून वाचलं. गोल, नीटस अक्षरात भरलेली तारीख. चार महिन्यांपूर्वीची नव्हे, परवाची. परवाच्या दिवशी असलेली परिस्थिती जैसे थे ठेवावी. परवा भिंत छपराच्या उंचीला होती. त्यानंतर झालेलं बांधकाम काढावं. त्यानंतर काहीच झालं नव्हतं. कोर्टाने ताईला तिने मागितलं ते सगळं दिलं होतं, आणि त्यामुळे ती भिंत आता कोर्टाच्या राखणीत उभी होती. तिला हात लावील तो आदेशाचा भंग करील.

माणसं जिन्यातून वर-खाली जात होती. कुणीतरी म्हणालं, बाई, बाजूला व्हा जरा. ती बाजूला झाली.

वकिलांनी कपाळाला हात लावला आणि मग, तीस वर्षांच्या सवयीने, दुरुस्तीचा अर्ज करू म्हणाले. तो केला. कंडक्टरच्या वकिलांचं म्हणणं आलं, की चूक कारकुनी नाही; वादीने स्वतः, शपथेवर, जागा कोरी सोडली आहे. सुनावणीला पाच महिन्यांनंतरची तारीख पडली.

ताईला सांगायचं काम धाकटीने आठ दिवस लांबवलं. सांगितलं तेव्हा ताई पुढच्या दारात उंबऱ्याजवळ स्टूल घेऊन बसली होती. तिथे रस्त्याचा उजेड यायचा, पण त्यासोबत धूळ यायची, ऊन यायचं आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी समोरून गेलं की कापडावर सावली पडायची. काळे कोट तिने एव्हाना परत पाठवले होते. मांडीवर एक करडी शाल होती. धाकटीने सगळं सांगितलं, कोऱ्या जागेसकट. ताईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग उसवून पुन्हा नाही का करता येत?”

धाकटी म्हणाली, अर्ज दिलाय. ताई बराच वेळ सुईत धागा ओवत राहिली, तो काही जाईना. शेवटी धाकटीनेच ओवून दिला. ताई म्हणाली, जाऊ दे गं, मीपण एकदा तहसीलदारांच्या कोटाची बाही उलटी जोडली होती. धाकटीला हसू आलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पलीकडे कंडक्टरचंही काही बरं चाललेलं नव्हतं. आदेशाने त्याला छप्पर घालता येत नव्हतं. चार भिंती उभ्या, वर आभाळ. लेकीच्या गाद्या तशाच स्वयंपाकघरात. महिना-दीड महिना त्याने ताईकडे पाहिलं नाही. ताईनेही पाहिलं नाही. मग एक दिवस त्याची लेक दारात आली आणि म्हणाली, काकू, उन्हात बसून डोक्याला त्रास होईल, आमच्या त्या खोलीत बसा ना. तिथे सावली आहे आणि उजेडपण आहे. मागे कंडक्टर उभा होता. तो खाली बघत म्हणाला, “वहिनी, कोर्टाने मला छप्पर घालू नको म्हटलंय. तुम्हाला बसू नका असं कुठे म्हटलंय?”

ताई जाऊन बघून आली. चार उंच भिंतींच्या मधे चौकोनी, शांत, पांढरा उजेड उतरला होता. तिची खिडकी तिला कधी एवढा देत नव्हती. ज्या भिंतीने तो अडवला होता, तिच्याच पलीकडे तो सगळा साठला होता.

धाकटीने हे वकिलांना सांगितलं तेव्हा ते ताडकन सरळ बसले. बसू देऊ नका म्हणाले. उद्या ते म्हणतील संमती होती. त्यांनी सांगायची गरज नव्हती. ‘वादीने सदर बांधकामास आपल्या वर्तनाने संमती दिलेली असून’ हे वाक्य धाकटीने स्वतःच्या हाताने दोनशे वेळा तरी टाइप केलं असेल. ती दुपारीच टेबल बंद करून ताईकडे गेली. घराला कुलूप होतं. ताई पलीकडे त्या खोलीत, स्टुलावर, मांडीवर काळा कोट. चार महिन्यांत पहिल्यांदा काळा कोट. तिचा हात पूर्वीसारखा चालत होता, श्वासाच्या लयीत, वर-खाली.

धाकटीने उभ्या उभ्याच सगळं समजावलं. इथे बसलीस तर दावा पांगळा होतो. तो लागेपर्यंत कळ काढ.

ताईने मान वर न करता विचारलं, “किती दिवस लागतील कोर्टाला?”

“सांगता येत नाही. सात-आठ वर्षं.”

“आणि माझ्या डोळ्यांना?”

धाकटी कोपऱ्यातल्या विटांच्या ढिगावर बसली.  तिने वर आभाळाकडे पाहिलं, मग ताईच्या हाताकडे पाहिलं, आणि बस म्हणाली.

ताई तेवीस दिवस तिथे बसली. कंडक्टरच्या नाती शाळेतून आल्या की तिच्याजवळ धाग्याचे तुकडे गोळा करत बसायच्या. कंडक्टर सकाळी तिचं स्टूल पुसून ठेवायचा. दोन घरांमधलं भांडण, जसं चार माणसांनी मनात आणलं तर मिटतं, तसं जवळजवळ मिटलं होतं. फक्त ते आता त्यांच्या हातात नव्हतं. ते सातशे काहीतरी नंबरच्या फाइलीत होतं. धाकटीच्या मनात दोनदा आलं, की सगळ्यांना बसवून तडजोडीचा कागद करावा. पण तडजोड म्हणजे खोलीला छप्पर नको, आणि छपराशिवाय खोलीचा लेकीला उपयोग काय? ताईला आभाळ हवं होतं आणि लेकीला छप्पर, आणि जागा एकच होती. एवढं लिहायला तिला कुठलाही नमुना सापडला नाही.

चोविसाव्या दिवशी कंडक्टरचे वकील जागा बघायला आले. स्टुलावर बसलेल्या ताईचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. ताईने पदर सावरला. तिला वाटलं, कामाचा फोटो घेतायत. कंडक्टर नंतर शपथेवर सांगत होता, की आपल्याला ठाऊक नव्हतं. खरंही असेल. लेकीसाठी आतून बरं वाटलं असेल, तर तेही खरंच असेल.

जैसे थेचा आदेश उठवावा म्हणून त्यांनी केलेला अर्ज धाकटीच्या शेजारच्या टेबलावर टाइप झाला. तिथल्या टायपिस्टने स्क्रीन किंचित पलीकडे वळवली. तिने पाहिलं नाही. त्या अर्जाला महिने लागले नाहीत, सोळा दिवस लागले. नवे साहेब आले होते, चटपटीत. त्यांनी फोटो पाहिला, ताईच्या वकिलांना विचारलं, या वादीच आहेत ना? वकील हो म्हणाले. जैसे थे उठला, आणि त्यासोबत दुरुस्तीचा अर्जही निकामी झाला. दावा शिल्लक होता. त्याला पुढच्या वर्षीची तारीख मिळाली.

कंडक्टर सांगायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. गुरुवारी पत्रे टाकणार म्हणाला. ताईने विचारलं, किती वाजता? तो म्हणाला, सकाळी नऊला माणसं येतील, पण रस्त्याच्या बाजूने सुरुवात करायला सांगतो.

गुरुवारी धाकटी टेबलावर गेली नाही. आदल्या दिवशीच दोघींनी सगळ्या कोटांना आणि शालींना मालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाचल्या होत्या. ते रफू न करताच परत जायचे होते. एकच अर्धा झालेला होता, काळा, कोपरावर विरलेला. ताई तो घेऊन साडेसातलाच पलीकडे जाऊन बसली.

पहिला पत्रा दहाला पडला. मग दुसरा. माणसं सराईत होती. दर पत्र्यागणिक उजेडाचा एक तुकडा कमी व्हायचा आणि ताई स्टूल तेवढं मागे घ्यायची.  वर ठोकल्याचा आवाज तेवढा. बाराच्या सुमाराला शेवटच्या पत्र्याएवढी फट राहिली आणि ताई अगदी भिंतीला टेकली. कंडक्टरने माणसांना हाताने थांबवलं. ते भिंतीवरच बसले, तंबाखू मळली, एकमेकांशी हलक्या आवाजात बोलत राहिले. अर्धा तास गेला. कोपरावर अजून बोटाच्या पेराएवढं भोक होतं.

कंडक्टर म्हणाला, “वहिनी, त्यांना दुसऱ्या कामावर जायचंय.”

ताई म्हणाली, टाकू दे.

पत्रा सरकत आला. आधी ताईचे पाय गेले, मग मांडी, मग हात. वरून खिळे बसत होते तरी ताईचा हात थोडा वेळ चालतच राहिला. मग अडखळला, मग थांबला. “धाकटे,” ती म्हणाली, “सुई घे गं काढून. मला दिसत नाहीये कुठेय.”

धाकटीने चष्मा वर केला, कोट जवळ ओढला. काळ्यात काळं. ती बोटांनी कापड चाचपत राहिली. दारात कंडक्टरची लेक दोन गाद्या कवेत घेऊन उभी होती. गाद्या जड होत्या. दोघी बहिणी उठल्या आणि कोट तसाच सुईसकट घेऊन बाहेर आल्या.